मुक्काम मांडताना: तंबूत राहून पूर्णवेळ भटकंती कशी करावी

सुटीत तीन रात्री तंबूत काढणे आणि तंबू हेच घर मानून वर्षानुवर्षे फिरत राहणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसत असल्या तरी मुळात वेगळ्या आहेत. सुटीवर गेलेला माणूस चौथ्या दिवशी घरी परतणार असतो, त्यामुळे भिजलेले कपडे, अपुरी झोप, उतरलेली बॅटरी आणि राहून गेलेली आंघोळ या सगळ्यांची भरपाई त्याला घरी जाऊन करता येते. ज्याने घरच मोडले आहे त्याला असे परतीचे ठिकाण नसते, आणि आज केलेली हयगय उद्याच्या मुक्कामी त्याच्याबरोबरच येते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो, पण पाठीवर असले तरी ते बिऱ्हाडच असते. त्यात पाणी भरावे लागते, अंथरूण वाळवावे लागते, पैशांचा मेळ घालावा लागतो आणि आजारपणही काढावे लागते. म्हणून पूर्णवेळ भटकंती करू इच्छिणाऱ्याने प्रवास कसा करावा यापेक्षा मुक्काम कसा करावा हे आधी शिकावे, असे मला अनुभवाने ठामपणे वाटते आणि पुढची सगळी माहिती त्याच दृष्टीने लिहिली आहे.

घर मोडण्याआधी

भाड्याचे घर सोडण्याआधी किंवा सामान विकून टाकण्याआधी किमान तीन रंगीत तालमी कराव्यात. पहिली मुसळधार पावसात, दुसरी आपल्याला सहज सोसेल त्याहून थोड्या अधिक थंडीत आणि तिसरी सलग 14 दिवसांची, जिच्यात नेहमीचे कामाचे दिवसही येतील. तिसरी तालीम सर्वांत महत्त्वाची असते, कारण पहिल्या चार-पाच दिवसांचा उत्साह ओसरल्यावर, एखाद्या ढगाळ दुपारी बूट ओले आहेत, पाणी संपत आले आहे आणि तरीही कामाचा फोन घ्यावाच लागतो आहे, अशा वेळी हे जगणे आपल्याला मानवते की नाही ते कळते. या काळात एक वही जवळ ठेवावी आणि रोज किती पाणी लागले, कोणती वस्तू वापरली, कोणती पिशवीतून बाहेरच आली नाही आणि रात्री झोप कशामुळे मोडली याची नोंद करावी. तालमीत जिला हात लागला नाही ती वस्तू, प्रथमोपचाराचे साहित्य आणि दुरुस्तीची हत्यारे सोडता, पुढेही क्वचितच लागते.

घर नसले तरी पत्ता लागतोच. बँक, विमा, वाहनाची नोंदणी, कर आणि मतदान या सर्वांना कुठला तरी कायमचा पत्ता हवा असतो, म्हणून विश्वासू नातेवाइकाचा किंवा टपाल स्वीकारून कळवणाऱ्या सेवेचा पत्ता, आपल्या देशाच्या कायद्यात बसत असेल तर, निघण्याच्या पुष्कळ आधी सर्वत्र नोंदवून घ्यावा. बँकेचे सांकेतिक संदेश ज्या मोबाइल क्रमांकावर येतात तो क्रमांक चालू राहील याची व्यवस्था करावी. परमुलखात क्रमांक बंद पडला की खात्यात पैसे असूनही माणूस अडकतो. विम्याची कलमे नीट वाचावीत. प्रवास विम्यात सलग प्रवासाच्या दिवसांवर अनेकदा मर्यादा असते आणि विमाधारकाचे कुठे तरी घर आहे असे त्यात गृहीत धरलेले असते, त्यामुळे आपण पूर्णवेळ फिरणार आहोत हे विमा कंपनीला स्पष्ट सांगून तिचे उत्तर लेखी घ्यावे.

पैशांचा हिशेब करताना इंधन आणि जेवण यांचाच विचार बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात खिशाला खड्डा पडतो तो वाहनाच्या दुरुस्तीने, आजारपणाने आणि हवामान बिघडल्यावर नाइलाजाने घ्याव्या लागणाऱ्या खोलीच्या भाड्याने. या तिन्हींसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी, आणि तिच्याहीपेक्षा वेगळा असा एक परतीचा निधी ठेवावा, ज्यात पुन्हा घर भाड्याने घेण्याची अनामत, पहिल्या काही महिन्यांचे भाडे आणि अंथरूण-भांडी घेण्याइतके पैसे असतील. या निधीला प्रवासात कधीही हात लावू नये. ज्याच्याकडे तो नसतो त्याला हे जगणे नकोसे झाल्यावरही फिरतच राहावे लागते, आणि नाइलाजाने चाललेली भटकंती ही बेघर अवस्थाच असते.

निघण्यापूर्वी दात आणि डोळे तपासून घ्यावेत. दाढदुखी लहान वाटते, पण वस्तीपासून दूर ती दोन दिवसांत माणसाला हतबल करते. चष्म्याची दुसरी जोडी, नेहमीच्या औषधांचा पुरेसा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी. चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ नाव लिहून घ्यावे, कारण देश बदलला की व्यापारी नाव बदलते. धनुर्वाताच्या लसीचा वर्धक डोस 10 वर्षांच्या आत झालेला असावा.

तंबू, अंथरूण आणि ओल

पायी, सायकलने, मोटारीने की व्हॅनने, हा निर्णय आवडीने घ्यावा, पण वजनाचा हिशेब मात्र कठोरपणे करावा. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा फारसे जास्त नसावे. वाहनाच्या बाबतीत त्याच्या नोंदणीच्या कागदावर दिलेले कमाल एकूण वजन पाहावे आणि माणसे, पाणी, इंधन यांसह भरलेले वाहन एकदा वजनकाट्यावर नेऊन तोलावे. मर्यादेपेक्षा जास्त भार असेल तर ब्रेक उशिरा लागतात, टायर तापतात आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

तंबूच्या कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ पेलला जातो तो आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. वरच्या कापडासाठी 1500 ते 3000 मिलिमीटर पुरेसे असतात; तळाच्या कापडावर बसल्या-झोपल्याचा दाब पडतो, म्हणून तिथे 3000 किंवा अधिक असलेले बरे. सुटीच्या तंबूत कुणी विचारत नाही असा एक प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे उन्हाचा. रोजच्या उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू कुजल्यासारखे विरत जाते. पॉलिएस्टर त्या मानाने अधिक टिकते आणि भिजल्यावर सैलही कमी पडते, त्यामुळे कायम राहण्यासाठी मी थोडे जड असूनही पॉलिएस्टरच घ्यावे असे सांगेन. तंबूखाली अंथरायचे कापड तळापेक्षा चारही बाजूंनी काही सेंटिमीटर आतच राहील असे कापावे. ते बाहेर डोकावत राहिले तर तंबूवरून ओघळलेले पाणी त्यावर साठते आणि तळाखाली शिरते.

ओल हा या जगण्यातला सर्वांत चिवट शत्रू आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. एकदा सलग पावसाला कंटाळून मी भिजलेला तंबू तसाच गुंडाळला आणि तीन दिवसांनी उघडला. उघडताच कुबट वास आला, शिवणींच्या कडेला काळे ठिपके धरलेले होते, आणि पुढे कितीही धुतले तरी तो वास पूर्णपणे गेला नाही. तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. सकाळी निघताना पाऊस चालू असेल तर आतला तंबू बाहेरच्या कापडाच्या आडोशालाच सोडवून कोरडा असताना वेगळ्या पिशवीत भरायचा. बाहेरचे कापड दोघांनी दोन टोके धरून जोरात झटकायचे, पाणी शोषणाऱ्या फडक्याने आतली बाजू पुसायची, फडके पिळायचे, पुन्हा पुसायचे आणि ते कापड जाळीच्या पिशवीत सैल कोंबायचे. मग त्याच दिवशी दुपारी, पाऊस थांबलेल्या पहिल्या ठिकाणी, जेवणासाठी थांबण्याआधी कापड झुडपावर किंवा वाहनावर पसरायचे. वारा असेल तर अर्ध्या तासात काम होते. कापड वाळत असताना माणसाने जेवावे, पण आधी कापड पसरावे, हा क्रम मोडू नये.

तंबूत पाणी गळत नसतानाही सकाळी छत आतून ओले दिसते, ते आपल्याच श्वासातील बाष्प असते. थंडी वाजते म्हणून सगळी झरोकेवजा तोंडे बंद केली की ते वाढते आणि झोपण्याची पिशवी दमट होऊन उलट जास्त थंडी वाजते; म्हणून वरची आणि खालची एकेक फट कायम उघडी ठेवावी.

लोक महागडी झोपण्याची पिशवी घेतात आणि खालच्या गादीत काटकसर करतात. शरीराच्या भाराने पिशवीची खालची बाजू दबते आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे खरी भिस्त गादीवर असते. गादीच्या उष्णतारोधाचा आकडा तिच्यावर दिलेला असतो. उबदार रात्रींना 2 पुरतो, गोठणबिंदूच्या आसपास 4 लागतो आणि बर्फावर 5 किंवा त्याहून अधिक हवा. दोन गाद्या एकावर एक घातल्या की हे आकडे मिळवता येतात, म्हणून हवेच्या गादीखाली फोमची पातळ पथारी टाकण्याची सवय चांगली. हवेची गादी मध्यरात्री पंक्चर झाली तरी माणूस थेट जमिनीवर येत नाही. पिशवीवर दिलेल्या दोन तापमानांपैकी आरामाचे तापमान पाहून ती निवडावी, सोसण्याच्या सीमेचे नव्हे.

ऋतूप्रमाणे हलावे

थंडी-उन्हाळ्याशी सामानाच्या जोरावर झुंजण्यापेक्षा जागा बदलणे स्वस्त आणि सुखाचे. उंची 1000 मीटरने वाढली की तापमान सरासरी 6.5 अंश सेल्सिअसने उतरते. मैदानात रात्री झोप येईनाशी झाली की दोन तासांच्या चढाने हवा बदलते, आणि डोंगरावर पहाटे पाणी गोठू लागले की खाली उतरण्याची वेळ झालेली असते. जगभरचे मेंढपाळ हेच करत आले आहेत. वर्षाचा आराखडा आखताना गावे आणि प्रेक्षणीय स्थळे यांच्या यादीपासून सुरुवात करू नये. रात्रीचे किमान तापमान 5 ते 18 अंशांच्या दरम्यान कोणत्या महिन्यात कुठे असते ते आधी नकाशावर मांडावे आणि मार्ग त्यातून निघू द्यावा.

जागा निवडणे

आधी कायदा पाहावा. नॉर्वेमध्ये 1957च्या कायद्यानुसार नांगरट-कुंपण नसलेल्या रानात तंबू ठोकता येतो, पण वस्ती असलेल्या घरापासून 150 मीटर दूर राहावे लागते आणि वस्तीजवळच्या भागात एकाच जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचे तर मालकाची परवानगी लागते. स्कॉटलंडमध्ये 2003च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला असाच हक्क दिला आहे, तर शेजारच्या इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी मालकाच्या संमतीशिवाय रानात तंबू ठोकता येत नाही. अमेरिकेतील संघीय सार्वजनिक जमिनींवर पुष्कळ ठिकाणी 14 दिवसांची मर्यादा असते. इतक्या जवळच्या मुलखांत जर इतका फरक असेल तर मागच्या ठिकाणी चालले ते इथेही चालेल असे गृहीत धरणे किती धोक्याचे आहे ते उघड आहे. देशात राहण्याची मुदत हा आणखी वेगळा विषय आहे; उदाहरणार्थ, युरोपच्या शेंगेन क्षेत्रात अल्पकालीन पाहुण्याला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते आणि ही मोजदाद सर्व सदस्य देशांची मिळून होते, त्यामुळे एका देशातून दुसऱ्यात गेल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही.

जागेवर अंधार पडण्यापूर्वी किमान दोन तास पोहोचावे. हा नियम मी इतर सगळ्या नियमांच्या वर ठेवतो, कारण अंधारात निवडलेल्या जागेचे दोष सकाळीच दिसतात. पोहोचल्यावर तंबू काढण्याआधी हात मोकळे ठेवून जागेभोवती एक फेरी मारावी. वर पाहावे, कारण वाळलेली फांदी वाऱ्याशिवायही कोसळते. खाली पाहावे, कारण गवताच्या काड्या आणि पालापाचोळा एका रेषेत अडकलेला दिसला तर तिथपर्यंत पाणी येऊन गेलेले असते. कोरड्या नदीपात्रात तर आभाळ निरभ्र असतानाही तळ ठोकू नये, कारण पाऊस दूर वर झालेला असतो आणि लोंढा रात्री येतो. थंड हवा जड असल्याने उताराच्या तळाशी साचते, म्हणून खोलगट भागाऐवजी उतारावरचा थोडा उंच सपाट भाग निवडावा. काही मीटरच्या चढानेही रात्र सुसह्य होते. शेवटी तंबूच्या जागी स्वतः पाच मिनिटे आडवे पडावे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उतार पाठीला कळतो आणि डोके कुठल्या बाजूला करायचे ते ठरते.

विजेचा कडकडाट सुरू झाला की तंबूवर विसंबू नये. चमक आणि गडगडाट यांतले अंतर 30 सेकंदांपेक्षा कमी असेल तर पक्क्या इमारतीत किंवा धातूचे छप्पर असलेल्या बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे तिथेच थांबावे.

पाणी, विधी आणि चूल

मुक्काम किती दिवस टिकेल हे बहुधा पाणी ठरवते. पिणे आणि स्वयंपाक यांना माणशी दिवसाला साधारण 4 लिटर आणि भांडी, हात-पाय, अंग पुसणे यांना तितकेच, असे काटकसरीने 8 लिटर धरावेत. कडक उन्हाळ्यात अधिक. दोन माणसांना पाच दिवसांसाठी 80 लिटर, म्हणजेच 80 किलो, हा आकडा लक्षात आला की पाण्याजवळ पण पाण्याला न चिकटता राहण्याचे महत्त्व कळते. हे पाणी एकाच टाकीत ठेवू नये. एक फुटली वा दूषित झाली तरी दुसरी उरली पाहिजे, आणि ती दुसरी संपायला लागणे हीच हलण्याची खूण मानावी.

ओढ्या-तळ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळून घ्यावे: खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट, आणि 2000 मीटरपेक्षा जास्त उंचीवर 3 मिनिटे. बारीक नळ्यांची गाळणी जिवाणू आणि आदिजीव अडवते, पण विषाणू सहसा तिच्यातून निसटतात, म्हणून वरच्या अंगाला वस्ती असेल तर गाळल्यानंतरही उकळावे किंवा निर्जंतुक करणारी गोळी टाकावी. अशी गाळणी एकदा ओली असताना गोठली तर तिच्या नळ्यांना तडे जातात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. थंडीच्या रात्री तिला पिशवीत अंगाजवळ घेऊन झोपावे.

शौचासाठी पाणी, वाट आणि तळ यांपासून किमान 60 मीटर दूर 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि नंतर त्याच मातीने बुजवावा. कागद बरोबर परत न्यावा. जिथे माती नाही, खडक वा बर्फ आहे, किंवा जिथे तसा नियम आहे, तिथे विष्ठाही बंद पिशवीत बाहेर न्यावी लागते. ज्यांना ही कल्पना सोसत नाही त्यांनी सोयी असलेल्या तळांवरच राहावे, त्यात काही कमीपणा नाही.

तंबूत किंवा झोपण्याच्या व्हॅनमध्ये शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर यांपैकी काहीही ऊब मिळावी म्हणून पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोके दुखते, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. व्हॅनमध्ये या वायूची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या उंचीवर बसवावे आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावे.

वीज आणि काम

विजेचा मेळ वॉट-तासांत घालावा. 12 व्होल्टच्या 100 अँपिअर-तास बॅटरीत सुमारे 1200 वॉट-तास असतात. त्यातले शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मेच वापरावेत, लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतून 80 टक्क्यांपर्यंत वापरता येतात. 50 वॉटचा लॅपटॉप पाच तास चालवला की 250 गेले, दोन मोबाइलना 30 लागले, आणि छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ठेवला तर तो एकटाच दिवसाला 300 ते 500 खातो. 100 वॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 300 ते 400 वॉट-तास देते, ढगाळ दिवशी त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेही देत नाही. या हिशेबात फ्रिज सोडून दिला तर बाकी सगळे एकदम सोपे होते, आणि पहिल्या वर्षी तरी तो सोडूनच पाहावा. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची बिघडते, म्हणून ती वाहनाच्या उबदार भागात ठेवावी.

जे प्रवासात नोकरी वा व्यवसाय करतात त्यांनी कामाचे दिवस आणि हलण्याचे दिवस वेगळे ठेवावेत. एका दिवशी तळ मोडणे, 200 किलोमीटर जाणे, नवी जागा शोधणे आणि सायंकाळी बैठकीला बसणे हे एकदा जमते, दर आठवड्याला जमत नाही. नव्या जागी पोहोचलो की पहिला दिवस पाणी, कपडे, दुरुस्ती आणि सिग्नल कुठे येतो ते पाहणे यांतच जातो, म्हणून एका जागी सहा-सात रात्रींपेक्षा कमी राहिल्यास सगळा वेळ बांधाबांधीतच जातो. बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांत जे थकून परततात ते अंतराच्या हव्यासाने थकलेले असतात.

एकटे असणाऱ्याने एका ठरलेल्या माणसाला रोज ठरलेल्या वेळी आपले ठिकाण कळवावे आणि संदेश आला नाही तर किती तासांनी कुणाला फोन करायचा हेही त्याला लिहून द्यावे. जिथे मोबाइल चालत नाही तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र जवळ ठेवावे. जोडीने फिरणाऱ्यांना उलटी अडचण येते, ती म्हणजे एकांताची. दिवसातला एक तास दोघांनी एकमेकांच्या नजरेआड घालवावा आणि त्यासाठी कारण विचारू नये. एकटेपणा मात्र जागा बदलून जात नाही. तो दाटून आला की त्याच मुलखात महिनाभर थांबावे, रोज एकाच वाचनालयात किंवा दुकानात जावे, म्हणजे चार माणसे ओळखू लागतात.

तळ हलवताना तंबू सर्वांत शेवटी काढावा, म्हणजे पाऊस आला तर आडोसा राहतो. खुंट्या काढून पिशवीत भरताना मोजाव्यात आणि पिशवीवर लिहिलेल्या आकड्याशी ताळा करावा. एक कमी भरली तर ती हमखास दोरीच्या टोकापासून हातभर अंतरावर गवतात असते. चूल केली असेल तर राखेवर पाणी ओतून, ढवळून, तिला उघड्या हाताचा मागचा भाग लावून पाहावा आणि ती गार लागेपर्यंत पुन्हा ओतावे. दगड होते तिथे परत ठेवावेत, दबलेले गवत हाताने उलट्या दिशेला फिरवून उभे करावे, आणि सामान चढवल्यावर रिकाम्या हातांनी पुन्हा एक फेरी मारावी, जशी आल्या दिवशी मारली होती.